दोन खुर्च्या वायोमिंगच्या

(दृश्य: सकाळचं लॅरमी गाव. रिकामा रस्ता, लांबवर डोंगर.)

६ सप्टेंबर १८७०. वायोमिंगमधलं लॅरमी गाव. सत्तरीला टेकलेली लुईझा स्वेन घरातून निघाली. हातात छोटं डबडं होतं, बेकरीतून खमीर आणायला घेतलेलं, असं सांगतात. वाटेत मतदानाची जागा लागली. बाई आत गेली, मत दिलं आणि आपल्या कामाला निघून गेली.

आदल्याच वर्षी वायोमिंगच्या विधिमंडळानं बायकांना मताचा हक्क दिला होता. साऱ्या अमेरिकेतल्या बायकांना तो घटनेनं मिळेपर्यंत १९२० उजाडलं. आणि १८७० मध्ये वायोमिंग अजून राज्यही नव्हतं, नुसता एक प्रदेश होता. १८९० मध्ये त्याला राज्याचा दर्जा मिळाला तो हा हक्क शाबूत ठेवूनच.

विरळ वस्तीच्या एका मुलखाला त्याचं घर त्याच्या रीतीनं चालवू दिलं, आणि तो देशाच्या ५० वर्षं पुढे गेला. राज्यांना जास्त मोकळीक मिळावी असं मला मनापासून वाटतं, ते या लॅरमीमुळे.

(दृश्य: वॉशिंग्टन. कॅपिटॉल या संसद भवनाचा घुमट.)

पण याच वायोमिंगकडे आणखी एक ताकद आहे, आणि अमेरिकी घटनेचं दुखणं तिथेच आहे.

२०२० च्या जनगणनेत वायोमिंगची लोकसंख्या भरली ५ लाख ७६ हजार ८५१. कॅलिफोर्नियाची ३ कोटी ९५ लाख. सिनेटमध्ये, म्हणजे अमेरिकी संसदेच्या वरच्या सभागृहात, वायोमिंगच्या खुर्च्या दोन. कॅलिफोर्नियाच्याही दोनच. म्हणजे सिनेटपुरता वायोमिंगचा एक माणूस कॅलिफोर्नियाच्या ६८ माणसांच्या तोडीचा. आणि सिनेट म्हणजे काही शोभेचं सभागृह नव्हे. सर्वोच्च न्यायालयाचा प्रत्येक न्यायाधीश तिच्या होकाराशिवाय खुर्चीत बसत नाही. कुठलाही कायदा तिला वळसा घालून पुढे जात नाही.

हे आलं कुठून? फिलाडेल्फियातून. १७८७ चा उन्हाळा, घटना लिहायला जमलेले राज्यांचे प्रतिनिधी, खिडक्या बंद, दाराशी पहारेकरी. आतलं बोलणं बाहेर फुटू नये म्हणून. लोकसंख्येप्रमाणे जागा असाव्यात असं व्हर्जिनियाचे जेम्स मॅडिसन मांडत होते. इवल्याशा डेलावेअरचे गनिंग बेडफर्ड उठले आणि म्हणाले, मोठ्यांनी दगा दिला तर लहान राज्यांना हात धरणारा परका मित्र सापडेल. ही उघड धमकी होती. अखेर १६ जुलैला सिनेटमध्ये सगळ्यांना समान जागा देणारी तडजोड मंजूर झाली. बाजूनं पाच राज्यं, विरोधात चार. मॅसॅच्युसेट्सच्या प्रतिनिधींची मतं दुभंगली. एका मतावर तरलेला तोडगा! संघ मोडू नये म्हणून मोजलेली ती किंमत होती, आणि त्या घटकेला ती मोजावी लागली हे मी समजू शकतो. तेव्हा सर्वांत मोठ्या व्हर्जिनियाची लोकसंख्या, गुलाम माणसं धरूनही, डेलावेअरच्या बारा-तेरा पट होती. आज टोकाचा फरक ६८ पटींवर गेलाय.

बदलायचं म्हटलं तर घटनेनंच दाराला कुलूप घातलंय. पाचवं कलम सांगतं, कुठल्याही राज्याचा सिनेटमधला समान वाटा त्याच्या संमतीवाचून काढता येणार नाही. एरवीची घटनादुरुस्तीही ५० पैकी ३८ राज्यांनी मान्य करावी लागते. तेरा राज्यांनी नाही म्हटलं की विषय संपला. सर्वांत लहान तेरा राज्यांची लोकसंख्या एकत्र केली, तर ती देशाच्या साडेचार टक्क्यांच्याही आत भरते.

राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीतही हेच वजन उतरतं. अध्यक्ष देशभरातल्या एकूण मतांवर नव्हे, राज्यांच्या निर्वाचक मतांवर ठरतो. प्रतिनिधिगृहातल्या, म्हणजे खालच्या सभागृहातल्या, जागा अधिक सिनेटच्या दोन, इतकी प्रत्येक राज्याची निर्वाचक मतं. २००० साली अल गोर यांना देशभरात पाच लाखांहून जास्त मतं अधिक पडली. फ्लोरिडातल्या ५३७ मतांनी अध्यक्षपद जॉर्ज बुश यांच्याकडे गेलं. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन २८ लाखांहून जास्त मतांनी पुढे होत्या, तरी हरल्या. ही पद्धत मोडायचा ठराव १९६९ मध्ये प्रतिनिधिगृहानं ३३८ विरुद्ध ७० मतांनी मंजूर केला होता. पुढच्या वर्षी सिनेटमध्ये लांबलचक भाषणांनी तो अडवून धरला गेला, आणि तिथेच संपला.

(दृश्य: वायोमिंगचं माळरान. कुंपण, गुरं.)

आता वायोमिंगच्या घरात या. इथली जवळजवळ निम्मी जमीन केंद्र सरकारच्या मालकीची आहे. तिच्यावर गुरं कुणी चारायची, खाण कुठे काढायची, हे वॉशिंग्टन ठरवतं. १९८४ मध्ये केंद्रानं राज्यांना बजावलं, दारूचं वय २१ करा, नाहीतर महामार्गांच्या निधीतला वाटा कापू. शेजारचं साउथ डकोटा सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९८७ मध्ये सात विरुद्ध दोन असं हरलं. वायोमिंगनं शेवटपर्यंत ताणलं. १९८८ मध्ये, सगळ्या राज्यांच्या मागून, त्यानंही मान तुकवली. २१ हे वय बरोबर की चूक, तो वाद वेगळा. तो निर्णय त्या राज्यानं घ्यायला हवा होता.

दुसऱ्यांच्या घरावर वायोमिंगचा हक्क ६८ पट, आणि स्वतःच्या घरात रस्त्याच्या पैशासाठी ओंजळ पसरायची! राज्यांचा अधिकार चुकीच्या जागी ठेवला गेलाय, असं माझं म्हणणं आहे. वॉशिंग्टनमधल्या खुर्च्यांतून तो काढावा आणि राज्यांच्या अंगणात न्यावा.

पण किती न्यावा?

(दृश्य: लिटल रॉकमधल्या शाळेची भव्य इमारत.)

४ सप्टेंबर १९५७. आर्कान्सा राज्यातलं लिटल रॉक. पंधरा वर्षांची एलिझाबेथ एकफर्ड स्वतः शिवलेला पांढरा फ्रॉक घालून शाळेला निघाली. फ्रॉकला खाली चौकड्यांचं कापड जोडलेलं होतं. या शाळेत पाऊल ठेवणारी ती पहिल्या नऊ कृष्णवर्णीय मुलांतली एक. बाकीच्यांनी एकत्र जायचं ठरवलं होतं, पण एलिझाबेथच्या घरी फोन नव्हता, निरोप पोचलाच नाही. ती एकटीच गेली. शाळेपाशी राज्याच्या नॅशनल गार्डचे बंदूकधारी जवान. त्यांनी तिची वाट अडवली. मागे गोऱ्यांचा जमाव ओरडत होता. ती बसथांब्यापर्यंत चालत गेली आणि बाकावर बसून राहिली.

ते जवान उभे केले होते गव्हर्नर ऑर्व्हल फॉबस यांनी. गव्हर्नर म्हणजे तिथलं मुख्यमंत्र्यासारखं, लोकांनी निवडून दिलेलं पद. त्यांच्या बाजूच्या लोकांच्या तोंडी एकच शब्द होता: राज्यांचे हक्क. तीन आठवड्यांनी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी लष्कराची १०१ वी हवाई तुकडी धाडली, तेव्हा ती नऊ मुलं आत गेली.

म्हणून जमीन, पाणी, दारूचं वय, रस्ते हे सगळं राज्यांकडे खुशाल द्या. त्या मुलीचा शाळेत जायचा हक्क मात्र कुठल्याही गव्हर्नरच्या मर्जीवर सोडता येणार नाही.

हा पेच आपल्याकडेही बारकाईनं पाहिला गेला होता. कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत अमेरिकेच्या संघराज्याशी आपल्या मसुद्याची तुलना केली. तिथला साचा घट्ट आहे, परिस्थिती बदलली तरी तो बदलत नाही, असं त्यांनी दाखवून दिलं. आपल्या राज्यसभेत महाराष्ट्राच्या जागा १९, गोव्याची एक. समान वाट्याची वाट आपण धरली नाही.

(दृश्य: वॉशिंग्टनचा चौक. सिग्नलला थांबलेल्या गाड्या.)

वॉशिंग्टन शहराची लोकसंख्या ६ लाख ८९ हजार, म्हणजे वायोमिंगपेक्षा जास्त. लोक केंद्राचा कर भरतात. पण हे शहर कुठल्याच राज्यात नाही, म्हणून सिनेटमध्ये त्यांची एकही खुर्ची नाही, आणि प्रतिनिधिगृहात त्यांच्या प्रतिनिधीला अंतिम मतदानात मत नाही. २०२३ मध्ये या शहराच्या परिषदेनं केलेला फौजदारी कायदा काँग्रेसनं, म्हणजे अमेरिकी संसदेनं, रद्द केला. त्या दिवशी सिनेटमध्ये वायोमिंगला दोन मतं होती, शहराला शून्य.

सिग्नल सुटतो. गाड्या कॅपिटॉलच्या दिशेनं निघतात. त्यांच्या नंबरप्लेटवर आकड्यांच्या खाली एक ओळ छापलेली असते. तिचा अर्थ: प्रतिनिधित्वाशिवाय कर बंद करा.