ताप नाही म्हणून थांबलो

नमस्कार श्रोतेहो. मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगून टाकतो. मी पेशंट आहे, आईची किडनी घेऊन फिरणारा, आणि आज मला बोलवलंय ते ट्रान्सप्लान्टनंतर फुप्फुसाला होणाऱ्या इन्फेक्शनबद्दल बोलायला, म्हणजे खरं तर माझ्याच एका चुकीबद्दल.

बघा, दुसऱ्याची किडनी अंगात आली की शरीर तिला परकं समजून तिच्यावर तुटून पडतं, मग ती आईची का असेना. 1954 साली बॉस्टनला पहिल्यांदा किडनी यशस्वी बसली ती एकसारख्या दिसणाऱ्या जुळ्या भावाची, म्हणून तिथं हे भांडण झालंच नाही. आम्हा बाकीच्यांना मात्र टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि थोडं स्टेरॉइड, किडनी चालू आहे तोवर. या गोळ्या इम्युनिटीला आवरून धरतात. दारातलं कुत्रं बांधून ठेवलं की पाहुणा सुखानं आत येतो, पण मग मांजरंही थेट स्वयंपाकघरात शिरतात, तसंच. आणि गंमत अशी की टॅक्रोलिमस हे औषध 1984 मध्ये जपानमधल्या त्सुकुबाच्या मातीत सापडलेल्या एका जिवाणूपासून आलंय, आणि ते घेणाऱ्या आम्हाला पहिली ताकीद काय, तर मातीत हात घालू नका!

तर माझं असं झालं. डिस्चार्जच्या वेळी गोळ्यांची यादी एवढी लांब की आईनं फ्रिजवर तक्ता चिकटवला होता, आणि त्यात एक साधीशी स्वस्तातली गोळी होती, सेप्ट्रान. रोज एक, वर्षभर. चौथ्या महिन्यात मी विचार केला, मला तर काहीच इन्फेक्शन नाही, मग ही अँटिबायोटिक कशाला, उगाच पोट बिघडवते, आणि कुणाला न विचारता ती बंद केली. शहाणपणा!

महिना दीड महिना झाला असेल, कोरडा खोकला सुरू झाला. कफ नाही, सर्दी नाही, ताप म्हणाल तर नव्याण्णवच्या आसपास, तोही संध्याकाळी. फक्त घरचा जिना चढताना मधल्या वळणावर थांबावंसं वाटायचं. आई म्हणाली, "अरे तुला धाप लागतीये, दवाखान्यात फोन कर." मी म्हटलं, ताप कुठंय? आता कळतं की स्टेरॉइड घेणाऱ्याला ताप नीट चढतच नाही, शरीर ओरडायचंच विसरलेलं असतं, आणि मी थर्मामीटर बघत बसलो होतो.

शेवटी गल्लीतल्या डॉक्टरांकडे गेलो. छाती क्लिअर, एक्स-रे जवळजवळ क्लिअर, त्यांनी क्लॅरिथ्रोमायसिनचा कोर्स दिला, आणि मीही टॅक्रोलिमस चालू आहे हे बोललो नाही, त्यामुळे दोष अर्धा माझाच. चार दिवसांत हात एवढे थरथरायला लागले की चहा बशीत. कारण ती अँटिबायोटिक टॅक्रोलिमस शरीरातून बाहेर पडूच देत नाही, लेव्हल भसाभस वाढते आणि किडनीला त्रास होतो. क्रिएटिनिन, म्हणजे किडनी कशी चालते ते सांगणारा रक्तातला आकडा, वाढलेलं बघून मग ट्रान्सप्लान्ट ओपीडी गाठली.

तिथल्या सिस्टरनी काय केलं, बोटाला ऑक्सिमीटर लावला, बसून 96. मी म्हटलं बघा, ठीक आहे. त्या म्हणाल्या, "दादा, चला, कॉरिडॉरच्या टोकापर्यंत जाऊन या." परत येईपर्यंत 87. त्यांनी व्हीलचेअरच मागवली. सीटी स्कॅनमध्ये दोन्ही फुप्फुसं घासलेल्या काचेसारखी दिसत होती, मग दुर्बिणीनं फुप्फुस धुवून ते पाणी तपासलं आणि त्यात निघाली न्यूमोसिस्टिस नावाची बुरशी. ही धडधाकट माणसाला सहसा काही करत नाही. 1981 च्या जूनमध्ये लॉस एंजेलिसच्या पाच तरुणांना हाच न्यूमोनिया झाल्याची नोंद छापून आली आणि तिथून एड्सचा शोध सुरू झाला.

आणि यावर औषध काय? तीच, सेप्ट्रान. हेच होऊ नये म्हणून दिलेली आणि मी बंद केलेली. आता तीन आठवडे, रोजच्या त्या एका गोळीच्या कितीतरी पट, सुरुवातीला सलाईनमधून, आणि वर मळमळ अशी की पाण्याचाही वास यायचा.

वॉर्डात शेजारी जे काका होते त्यांना टीबी निघाला होता, आपल्याकडे ट्रान्सप्लान्टवाल्यांना तो काही दुर्मिळ नाही. त्यांचं दुखणं माझ्या उलटं, टीबीचं रिफॅम्पिसिन टॅक्रोलिमसची लेव्हल पाडतं, किडनी रिजेक्ट व्हायची भीती, म्हणून त्यांना वेगळी औषधं जुळवावी लागली. अजून एक बाई होत्या, बिल्डिंगचं रिडेव्हलपमेंट चालू असताना तिथंच राहिलेल्या, त्यांना अ‍ॅस्परजिलस, म्हणजे धुळीत, कुबट धान्यात, जुन्या भिंतीत असते ती बुरशी, कशातून आत गेली हे कुणी छातीठोक सांगू शकत नाही, पण डॉक्टरांनी धुळीचं सगळ्यात आधी विचारलं. कबुतरांच्या विष्ठेतूनही क्रिप्टोकोकस नावाची बुरशी येऊ शकते, 2025 मध्ये मुंबईत कबुतरखान्यांवरून केवढं रान पेटलं तुम्हाला आठवत असेल, मी त्या वादात पडत नाही, मी आपली गॅलरीला जाळी लावून घेतली.

आता घरी धान्य निवडायला बसत नाही, कुंड्यांना आईच हात लावते, गर्दीत मास्क. गणपतीत पपनसही खात नाही, तेही टॅक्रोलिमसची लेव्हल वाढवू शकतं, हे मला तर कुणी सांगेपर्यंत खरं वाटलं नव्हतं. फ्लूची लस दरवर्षी मी घेतो आणि घरचेही घेतात, पण जिवंत जंतूंच्या लसी मला चालत नाहीत. आणि खोकल्याचं साधं औषध घ्यायचं तरी आधी कोऑर्डिनेटर मॅडमना फोन, त्या वैतागत नाहीत, उलट मी पंधरा दिवस फोन केला नाही तर विचारतात.

येत्या मंगळवारी टॅक्रोलिमसच्या लेव्हलसाठी रक्त द्यायचं आहे. सकाळची गोळी न घेता जायचं, रक्त दिलं की मग गोळी. आई म्हणते मी पण येते, मी म्हटलं कशाला, तर म्हणाली, "माझी किडनी आहे, मला विचारायचा हक्क आहे." बरं, येऊ दे. नमस्कार.