बंबावरचे बिऱ्हाड

(दृश्य : जर्मनीतील एका गावाचे अग्निशमन केंद्र. उघड्या दारात उभा असलेला लाल ट्रक.)

जर्मनीच्या खेड्यापाड्यांत आग विझवण्याचे काम बहुतांशी स्वयंसेवकांची दले करतात, आणि अशा स्वयंसेवकांची देशभरातील संख्या दहा लाखांच्या घरात आहे. या दलांचे बंब वर्षानुवर्षे छपराखाली उभे असतात. अधूनमधून सराव आणि प्रसंगी एखादी धावपळ, एवढेच त्यांचे चालणे. त्यामुळे तीस वर्षांची सेवा करून निवृत्त होणाऱ्या बंबाच्या मीटरवर पुष्कळदा वीस-तीस हजार किलोमीटरच दिसतात. नगरपालिका असे बंब लिलावात काढतात, लष्कराचे जुने ट्रक व्हेबेग या सरकारी विक्री कंपनीमार्फत बाहेर पडतात, आणि ते घेणाऱ्यांमध्ये एक वर्ग असा असतो, ज्याला या चारही चाकांनी ओढणाऱ्या ट्रकच्या पाठीवर स्वतःच्या हाताने राहते घर बांधायचे असते.

पडद्यावरचा ट्रक मर्सिडीज-बेंझचा एलएएफ ९११ आहे. आखूड बॉनेटची ही मालिका १९५९ साली बाजारात आली आणि तिच्यातील ओएम ३५२ हे सहा सिलिंडरचे, ५,६७५ घनसेंटिमीटरचे डिझेल इंजिन पुढे अर्ध्या जगात पोहोचले. मराठी प्रेक्षकाला या ट्रकचे गोलसर नाक परके वाटणार नाही. टेल्को (म्हणजे आजची टाटा मोटर्स) आणि मर्सिडीज बनवणारी डायम्लर-बेंझ यांचे सहकार्य १९५४ ते १९६९ या काळात चालले, आणि त्याची छाप टाटांच्या नाकवाल्या ट्रकवर नंतरही कित्येक वर्षे टिकली. टाटांच्या ६९७ इंजिनाच्या सिलिंडरचा व्यास ९७ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव १२८ मिलिमीटर. ओएम ३५२ची मापे नेमकी हीच आहेत.

इतक्या जुन्या यंत्राला आजही गिऱ्हाईक मिळते, त्याला व्यावहारिक कारण आहे. या इंजिनात इलेक्ट्रॉनिक नियंत्रण नाही आणि डिझेल फवारणारा पंप संपूर्ण यांत्रिक आहे, त्यामुळे आडवळणाच्या देशात गंधक जास्त असलेले डिझेल मिळाले तरी गाडी कुरकुरत का होईना चालत राहते. धूर गाळणाऱ्या आधुनिक यंत्रणेला मात्र असे डिझेल सोसत नाही. याची किंमतही मोजावी लागते. ताशी ८० किलोमीटरच्या आसपास वेग मर्यादित राहतो, शंभर किलोमीटरला वीस लिटरहून अधिक डिझेल लागते, आणि केबिनमधील आवाजात शेजारच्याशी बोलायचे तर ओरडूनच बोलावे लागते. शिवाय मीटरवरचे कमी किलोमीटर फसवेही असतात, कारण रबराचे वय उभ्या गाडीतही वाढतच असते. टायर, ब्रेकचे पाइप, सील आणि होज हे सारे बदलायचे आहे असे धरूनच खरेदीचा हिशेब मांडावा लागतो. निळे दिवे आणि भोंगा उतरवावा लागतो. लाल रंग ठेवला तरी चालतो.

(दृश्य : बंबाची मागची पेटी क्रेनने उचलली जाते. उघडी चासी.)

आता ज्या कामावर पुढचे सारे अवलंबून आहे, ते समोर येते. ट्रकची चासी म्हणजे दोन लांब पोलादी तुळया आणि त्यांना जोडणारे आडवे पट्टे. या तुळयांचा छेद इंग्रजी सी अक्षरासारखा उघडा असतो आणि तो मुद्दाम तसा ठेवलेला असतो, कारण अशी तुळई वाकायला मजबूत पण पिळायला मऊ असते. पुढचे डावे चाक दगडावर चढले आणि मागचे उजवे चाक खड्ड्याच्या काठावर राहिले, तर चासीची दोन टोके एकमेकांच्या उलट दिशेने पिळतात आणि चारही चाके जमिनीला धरून राहतात. खडबडीत अंगणात टाकलेली सुंभाची बाज चारही पायांवर टेकते, पण घट्ट जोडलेले टेबल डुगडुगते. त्यातलाच हा प्रकार आहे. चारचाकी ओढीचा ट्रक चिखलातून निघतो त्यात इंजिनाइतकाच वाटा या पिळण्याचाही आहे.

घराची गोष्ट नेमकी उलटी आहे. भिंती, छत आणि तळ एकमेकांना चिकटवलेली पेटी पिळली जाऊ शकत नाही आणि जाऊही नये. अशी पेटी चासीला जागोजागी बोल्ट मारून आवळली, तर पहिल्याच ओबडधोबड वाटेवर दोघांची झटापट सुरू होते. त्यात बहुधा आधी घर हरते आणि दाराच्या व खिडक्यांच्या कोपऱ्यांतून भेगा निघतात. पेटी फारच दणकट असेल तर पीळ एकाच जागी साचून चासीच तडकते, आणि हे नुकसान अधिक गंभीर. हौशी बांधकामांतील पुष्कळ अपयशांचे मूळ इथे असते. सुतारकाम सुरेख असते, बैठका सुबक असतात, पण खालचा सांधा मात्र घाईने उरकलेला असतो. आमच्या मते ज्याला पैशांची आणि वेळेची काटकसर करायची आहे त्याने ती कपाटांत करावी, या सांध्यात कधीही नाही.

यावरचा उपाय म्हणजे चासी आणि पेटी यांच्यामध्ये एक स्वतंत्र उपचौकट ठेवणे आणि ती चासीला अशा रीतीने टेकवणे, की चासीने खाली हवे तितके पिळावे पण वरच्या पेटीला त्याची झळ लागू नये. तीन बिंदूंच्या पद्धतीत एका टोकाला दोन टेकू आणि दुसऱ्या टोकाला मधोमध एकच बिजागरीसारखा फिरता टेकू असतो. तीन पायांवरची वस्तू कधी डुगडुगत नाही, हे त्यामागचे साधे भूमितीचे तत्त्व आहे. चार बिंदूंची पद्धत शंकरपाळ्याच्या आकाराची असते : पुढे व मागे मधोमध एकेक फिरता टेकू आणि बाजूंना दोन. युनिमॉग या मर्सिडीजच्या खडतर वाटांसाठीच्या छोट्या ट्रकसारख्या फार पिळणाऱ्या वाहनांवर या दोन पद्धती दिसतात. आपल्या समोरच्या ट्रकवर बहुतेक जण तिसरी वाट धरतात. तीत उपचौकट चासीवर संपूर्ण लांबीने टेकलेली असते, मागच्या बाजूला पक्की बांधलेली असते आणि पुढच्या बाजूला जाड स्प्रिंगांनी खाली दाबून धरलेली असते. पीळ आला की चासीची तुळई पुढे थोडी खाली सुटते आणि वाट सरळ झाली की स्प्रिंग दोघींना पुन्हा जवळ आणतात. या पद्धतीत भार एका जागी न साचता लांबीभर वाटला जातो आणि पेटीची उंचीही फारशी वाढत नाही, हा तिचा मोठा गुण.

चासीला छिद्र पाडण्याचेही नियम आहेत. निर्माते बांधणीसाठी मार्गदर्शक पुस्तिका काढतात आणि त्यांतील एक सूचना कधीच बदलत नाही : तुळईच्या वरच्या व खालच्या आडव्या पट्टीला ड्रिल किंवा वेल्डिंग लावायचे नाही, जे काही करायचे ते उभ्या भागात आणि शक्यतो कारखान्याने पाडलेल्या छिद्रांतच करायचे. ताण सर्वांत जास्त त्या आडव्या पट्ट्यांत असतो आणि तिथले एखादे छिद्रही भेगेला आमंत्रण ठरते.

(दृश्य : कार्यशाळेत उभ्या राहणाऱ्या पेटीच्या भिंती.)

पेटी मिळवण्याचे दोन मार्ग आहेत. जर्मन लष्कराने वापरलेल्या, ॲल्युमिनियमच्या दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेल्या कोठ्या लिलावात मिळतात. त्या भक्कम असतात, मात्र त्यांच्या मापाशी जुळवून घ्यावे लागते. दुसरा मार्ग म्हणजे तयार तक्ते आणून पेटी स्वतः जोडणे. हे तक्ते मध्ये चार ते सहा सेंटिमीटर पॉलियुरेथेन फोम आणि दोन्ही बाजूंना फायबरग्लासचा पातळ थर, अशा घडणीचे असतात आणि ते पॉलियुरेथेनच्या गोंदानेच एकमेकांना चिकटवले जातात. स्क्रूंपेक्षा गोंदावर भरवसा ठेवणे आपल्याकडच्या कारागिराला खटकेल, पण गोंद ताण सांध्याच्या लांबीभर वाटून देतो आणि धातूही आत शिरू देत नाही. धातू आत शिरणे टाळायचे, कारण पोलाद या फोमच्या सुमारे दोन हजार पट उष्णता वाहून नेते. भिंतीतून आरपार गेलेला एखादा लोखंडी अँगलसुद्धा हिवाळ्यात घामेजतो. दोन माणसांच्या श्वासातून एका रात्रीत अर्धा लिटर किंवा त्याहूनही अधिक पाणी हवेत मिसळते, आणि ते पाणी सर्वांत थंड जागा हुडकून तिथेच साचते. गादीखालची बुरशी पुष्कळदा इथूनच सुरू होते. म्हणून छताची खिडकी थंडीतही थोडी उघडी ठेवण्याची सोय लागते.

पेटीच्या मापांना कायदा आणि शरीर दोन्ही बांधून ठेवतात. जर्मन रस्त्यांवर वाहनाची रुंदी २.५५ मीटर आणि उंची ४ मीटर यांच्या आत असावी लागते. बाहेरून २.३० मीटर रुंद पेटीच्या सहा-सहा सेंटिमीटरच्या दोन भिंती वजा केल्या की आत २.१८ मीटर उरतात, आणि त्यामुळे पलंग आडवा टाकता येतो. उभा टाकला तर तोच पलंग लांबीतले दोन मीटर खाऊन टाकतो. केबिनमधून घरात जाण्याची वाट ठेवायची असेल, तर मध्ये लवचीक भाता बसवणे भाग पडते, कारण केबिन आणि पेटी प्रत्येक खड्ड्यात वेगवेगळ्या हालत असतात.

यानंतरची सारी कामे वजनाच्या धाकाखाली होतात. जर्मनीत १९९९पासून मोटारीचा साधा परवाना साडेतीन टनांपर्यंतच चालतो; त्यापुढे साडेसात टनांपर्यंत सी-१ हा वर्ग लागतो आणि त्याहून जड गाडीला ट्रकचा पूर्ण परवाना. म्हणून अनेक मालक मूळ क्षमता अधिक असलेला ट्रकही कागदोपत्री साडेसात टनांच्या आत नोंदवून घेतात आणि मग प्रत्येक फळी तोलून बघतात. पंधरा मिलिमीटर जाडीचे बर्च प्लायवूड चौरस मीटरला दहा किलोच्या आसपास भरते, पॉपलरचे सातच्या आत. चाळीस चौरस मीटरच्या लाकडी कामात हा फरक सव्वाशे किलोंच्या पुढे जातो. तीनशे लिटर पाणी म्हणजे तीनशे किलो, चारशे लिटर डिझेल म्हणजे आणखी सव्वातीनशेहून अधिक. या टाक्या दोन आसांच्या मधे आणि शक्य तितक्या खाली बसवायच्या. पाण्याची मात्र गोठू नये म्हणून पेटीच्या आत. मागचे जोडटायर काढून मोठे एकेरी टायर घालण्याची रीतही बांधणीचाच भाग मानली जाते, कारण वाळूत मागचे चाक पुढच्याने केलेल्या चरातूनच चालले तर इंजिनावरचा ताण कमी होतो, आणि जोडटायरांच्या फटीत दगड अडकण्याचा प्रश्नही सुटतो.

विजेचा हिशेब त्यामानाने सोपा आहे. बारा व्होल्टची २०० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी सुमारे अडीच युनिट वीज साठवते. फ्रिज, दिवे आणि पंप यांना दोनेक दिवस ती पुरते, आणि छतावरचे सोलर पॅनेल उन्हाळ्यात तिला भरत राहतात. ट्रकची वीज चोवीस व्होल्टची असल्याने मधे रूपांतरक लागतो, एवढेच लक्षात ठेवायचे.

(दृश्य : तपासणी केंद्र. वजनकाट्यावर चढणारा ट्रक.)

वाहनाची नोंद राहते घर म्हणून बदलायची तर तपासणी अधिकारी काही ठरलेल्या गोष्टी पाहतो : बसण्याची जागा आणि टेबल, झोपण्याची सोय, स्वयंपाकाची सोय, सामानाची कपाटे, आणि हे सारे पक्के बसवलेले. गॅस असेल तर त्याची वेगळी तपासणी होते. तीस वर्षांहून जुन्या आणि मूळ रूप राखलेल्या वाहनाला एच अक्षराची ऐतिहासिक पाटी मिळू शकते, जिच्यावरील वार्षिक कर १९१.७३ युरो इतका ठरलेला आहे; मात्र नव्या पेटीमुळे ट्रकचे जुनेपण राहिले की गेले, यावर तपासनिसांशी वाद होतात.

भारतात असे काम करू पाहणाऱ्याने आधी मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ वाचावे. नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होतील असा बदल मालकाला आपल्या मर्जीने करता येत नाही. राहत्या मोटारींसाठी एआयएस १२४ हे मानक आहे आणि त्याखालची मान्यता पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहने तपासणाऱ्या संस्थांमार्फत मिळते. ही वाट कारखानदाराला परवडते, अंगणात ट्रक उभा करून वेल्डिंग करणाऱ्याला ती अवघड जाते. आमच्या दृष्टीने ही खेदाची बाब आहे, कारण ट्रकच्या चासीवर लाकडी केबिन आणि हौदा हाताने बांधणारे कसबी कारागीर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहेत.

हे युरोपीय ट्रक मात्र गोव्याच्या किनाऱ्यांना अनेक वर्षांपासून माहीत आहेत. हरमलपासून आगोंदपर्यंत थंडीच्या दिवसांत माडांखाली असे एखादे बिऱ्हाड उभे दिसत असे. तुर्कस्तान, इराण, पाकिस्तान आणि वाघा-अटारी या वाटेने ते येत, आणि सीमेवर कर न भरता गाडी तात्पुरती आत आणण्यासाठी कार्ने नावाचा हमीपत्रांचा संच सोबत बाळगत. एप्रिल २०२५मध्ये अटारीची चौकी बंद झाली आणि जमिनीवरून येणारी ही वाट तुटली.

जॉर्जिया, कझाकस्तान आणि ताजिकिस्तान हे देश या ट्रकांच्या वाटेवर आहेतच, आणि त्या वाटेची मागणी बांधणीपर्यंत येऊन पोहोचते. पामीर महामार्गावरील अकबैताल खिंड ४,६५५ मीटर उंच आहे. तिथल्या विरळ हवेत डिझेलवर चालणाऱ्या हीटरला पुरेसा प्राणवायू मिळत नाही, ज्योत काजळी धरते आणि हीटर ऐन थंडीच्या रात्री बंद पडतो. म्हणून त्या बाजूला निघणारे मालक उंचीप्रमाणे डिझेलचा पुरवठा कमी करणारा भाग हीटरला जोडून घेतात, आणि तेवढ्यावर ज्यांचा विश्वास बसत नाही ते पेटीच्या कोपऱ्यात लाकडाची छोटी शेगडी बसवून तिचे धुराडे छतातून बाहेर काढतात.