मॉस्कोचा चौथा नंबर

नमस्कार मंडळी. मघाशी चहा घेताना इथल्या एका तरुण कार्यकर्त्याला मी सहज विचारलं, १९८० चं मॉस्को म्हटलं की काय आठवतं? तो ताबडतोब म्हणाला, हॉकीतलं शेवटचं सोनं. अगदी बरोबर. कर्णधार भास्करनच्या संघानं २९ जुलैला स्पेनला ४-३ असं हरवलं, त्यानंतर ऑलिंपिक हॉकीत आपल्याला सोनं मिळालेलं नाही. मग मी विचारलं, त्याच मॉस्कोत आपल्या मुलीही खेळल्या, त्यांचं काय झालं? त्यानं चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाला, "मुली होत्या?"

होत्या. आज त्यांच्याबद्दलच बोलायचंय.

माझं अर्धं आयुष्य मैदानाच्या कडेला, टेबलामागे गेलं. कितव्या मिनिटाला गोल, कुणाला कार्ड, कुणाची बदली, हे लिहिणारा मी माणूस. त्यामुळे खेळातलं सौंदर्य वगैरे माझ्याकडून फार ऐकायला मिळणार नाही. मला स्पर्धा गुणतक्त्यात दिसते.

ऑलिंपिकमध्ये पुरुषांची हॉकी १९०८ पासून आहे. बायकांसाठी दार उघडायला १९८० उजाडलं, आणि ते उघडलं तेव्हा आत यायला कुणी तयार नव्हतं! सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात घुसल्या होत्या, अमेरिकेनं बहिष्कार पुकारला होता. नेदरलँड्स आणि ब्रिटन हे देश मॉस्कोला गेले, पण त्यांचे हॉकी संघ घरीच राहिले. डच मुली त्या वेळच्या विश्वविजेत्या, त्याही नाहीत. यजमान सोडले तर मुळात ठरलेले सगळे संघ गळाले. मग आयोजकांनी इकडून तिकडून निमंत्रणं धाडली. शेवटी सहा संघ जमले: सोव्हिएत रशिया, चेकोस्लोव्हाकिया, पोलंड, ऑस्ट्रिया, भारत आणि झिम्बाब्वे.

झिम्बाब्वेची गोष्ट सांगायलाच हवी. १८ एप्रिल १९८० ला तो देश स्वतंत्र झाला. त्याआधी तो ऱ्होडेशिया, गोऱ्या अल्पसंख्यांच्या राजवटीखालचा, त्यामुळे जग त्याला खेळात उभं करत नव्हतं. निमंत्रण आलं ते स्पर्धेच्या तोंडावर, संघ निवडला तो उद्घाटनाला काही दिवस उरले असताना. नोकरी सांभाळून क्लबात खेळणाऱ्या या बायका. सगळ्याच्या सगळ्या गोऱ्या, आणि देश नुकताच काळ्या बहुसंख्यांच्या हाती आलेला. हा विरोधाभास तेव्हाही सगळ्यांना दिसत होता आणि आजही त्यावर पांघरूण घालायचं कारण नाही. एरवी मांस वाहून नेणाऱ्या विमानातून त्या मॉस्कोला गेल्या, आत वासही येत होता, असं सांगतात. कृत्रिम मैदानावर त्या कधी खेळलेल्या नव्हत्या.

खेळणाऱ्यांना विचारा, गवतावरचा माणूस टर्फवर गेला की पहिले दोन दिवस काय होतं ते. गवतावर चेंडू उसळतो, अडखळतो, आपल्याला क्षणभर वेळ देतो. टर्फवर तो सरळ, सपाट येतो आणि स्टिक खाली टेकायच्या आत निघून गेलेला असतो. पोटऱ्या भरतात, घसरलं की गुडघे सोलून निघतात. या बायकांनी त्या मैदानावर पहिल्याच सामन्यात पोलंडला चार गोल घातले.

कर्णधार होती ॲन ग्रँट. क्रिकेटवाल्यांसाठी सांगतो, २०११ ते २०१५ आपल्या क्रिकेट संघाला शिकवणारे डंकन फ्लेचर, त्यांची ही बहीण. चेकोस्लोव्हाकियाशी २-२, रशियावर २-०, आपल्याशी १-१ आणि शेवटी ऑस्ट्रियावर ४-१. एकही सामना न हरता सोनं. त्या देशाचं ते पहिलंच ऑलिंपिक पदक. पुढचं मिळायला २००४ उजाडलं. ते मिळवणारी जलतरणपटू कर्स्टी कॉव्हेंट्री पुढे आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीची अध्यक्ष झाली.

आता आपल्या मुली. कर्णधार पंजाबची रूपा सैनी. तिच्या घरात चार बहिणी हॉकीवाल्या. संघात आपल्या पुण्याच्या एलिझा नेल्सन आणि रेखा मुंडफन होत्या, लॉरेन फर्नांडिस होती. ऑस्ट्रियाला २-० आणि पोलंडला ४-० हरवलं, चेकोस्लोव्हाकियाकडून १-२ हार, झिम्बाब्वेशी बरोबरी, रशियाकडून १-३ हार. पाच सामन्यांत पाच गुण, चौथा नंबर. आपल्याकडे चौथा नंबर म्हणजे विषय संपला.

पण जरा तक्ता मांडून बघा. तेव्हा विजयाला दोन गुण, बरोबरीला एक. उपांत्य फेरी नाही, अंतिम सामना नाही, सरळ साखळी. झिम्बाब्वे ८, चेकोस्लोव्हाकिया ७, रशिया ६, भारत ५, ऑस्ट्रिया ४, पोलंड ०. पहिल्या पाचांत एकेका गुणाचं अंतर! रशियाशी आपण नुसती बरोबरी केली असती तर आपले सहा, त्यांचे पाच. जिंकायची गरजच नव्हती. १-३ च्या जागी २-२ लिहिलं गेलं असतं तर कांस्यपदक आपलं. गंमत बघा, झिम्बाब्वेला हरवून ते मिळालं असतंच असं नाही. आपले सहा झाले असते, पण रशियाचेही सहाच, आणि गोलफरक, म्हणजे घातलेले वजा खाल्लेले गोल, त्यांचा सरस. तीन गोलांनी जिंकून नुसती बरोबरी झाली असती, पुढे जायला चार गोलांचा विजय लागला असता. म्हणून मी म्हणतो, आपलं पदक यजमानांबरोबरच्या त्या एका सामन्यात गेलं.

यावर एक उत्तर मला नेहमी मिळतं: अहो, अर्धं जग आलंच नव्हतं, त्या चौथ्या नंबरला काय अर्थ? ठीक आहे. मग पुरुषांचा तक्ता काढू. तिथेही सहाच संघ. विश्वविजेता पाकिस्तान नाही, आधीच्या ऑलिंपिकचा विजेता न्यूझीलंड नाही, ऑस्ट्रेलिया नाही, पश्चिम जर्मनी नाही. आपण टांझानियाला १८-० आणि क्यूबाला १३-० हरवलं. पोलंडशी २-२, साखळीत स्पेनशीही २-२. ते सोनं आपण मोजताना कुणी पुढे कंस टाकतं का? मीही टाकत नाही. खेळायला आले त्यांना हरवणं एवढंच खेळाडूच्या हातात असतं. फक्त कंस टाकायचाच तर दोन्हीकडे टाका.

दोन वर्षांनी दिल्लीच्या एशियाडमध्ये याच एलिझा नेल्सनच्या नेतृत्वाखाली मुलींनी सुवर्णपदक जिंकलं. दिल्लीचं एशियाड म्हटलं की लोकांना काय आठवतं? पाकिस्तानकडून १-७. तोही पुरुषांचाच सामना.

मग ऑलिंपिकला पुन्हा जायला थेट २०१६, म्हणजे ३६ वर्षं. रिओत बारापैकी बारावा नंबर. आणि टोकियोत, ६ ऑगस्ट २०२१ ला, कांस्यपदकाच्या सामन्यात ब्रिटनविरुद्ध दोन गोलांनी मागे, मग ३-२ नं पुढे, शेवटी ३-४. पुन्हा चौथा. टोकियोचा चौथा मॉस्कोपेक्षा वजनदार हे मी मान्य करतो, कारण तिथे तगडे संघ सगळे होते. पण त्या दिवशी या चौथ्या नंबराबद्दल "पहिल्यांदाच" हा शब्द ऐकला की मी टीव्हीसमोर एकटाच "अहो, ऐंशी साल!" म्हणून ओरडत होतो. घरातल्यांना त्याची सवय आहे.

मागून कुणीतरी विचारतंय, झिम्बाब्वेच्या बायकांना बक्षीस काय मिळालं? मंत्र्यांनी प्रत्येकीला एक बैल जाहीर केला होता म्हणे. हातात पडली ती मांसाची पाकिटं. आमच्या मुलींचं विचाराल, तर त्यांना कुणी बैलसुद्धा कबूल केला नव्हता.