बंबावर माणसे किती?

नमस्कार, श्रोतेहो.

मालमत्ता कराचे बिल आले की आपण शेवटचा आकडा पाहतो आणि सवलतीची तारीख पाहतो. पुढच्या खेपेला मधल्या ओळीही वाचा. पुण्यासारख्या शहरात सर्वसाधारण कर, सफाईपट्टी, वृक्षकर यांच्याबरोबर अग्निशमन कराचीही एक ओळ असते. रक्कम मोठी नसते, पण प्रत्येक घरमालक ती भरतो.

त्या पैशातून काय मिळते, असे विचारले तर लाल बंब हे उत्तर सगळ्यांना येते. नवा बंब आला की नारळ फुटतो, हार पडतो, वर्तमानपत्रात फोटो येतो. त्या बंबावर चढायला माणसे किती आहेत, हे त्या समारंभात कोणी विचारत नाही. माझी सगळी नोकरी याच कामात गेली. आज मला त्या माणसांबद्दल बोलायचे आहे: ती कमी का पडतात, कशी निवडली जातात, आणि त्यांच्या कामावर कोणाचे लक्ष असते.

आधी एका वर्दीचा, म्हणजे आगीच्या एका खबरेचा, हिशेब करू. नियंत्रण कक्षातून वर्दी मिळते, घंटा वाजते आणि गाडी निघते. जागेवर पोहोचल्यावर चालक पंप सुरू करतो. पाण्याचा दाब त्याच्या हातात असतो, म्हणून तो पंप सोडून हलू शकत नाही. अधिकारी किंवा तांडेल, म्हणजे जवानांच्या तुकडीचा म्होरक्या, इमारतीभोवती नजर टाकून आग कुठे आहे, कोण अडकले आहे, आत शिरायचे कुठून हे ठरवतो. धुराने भरलेल्या खोलीत शिरायचे ते पाठीवर बी.ए. सेट, म्हणजे श्वासासाठी हवेची टाकी आणि मुखवटा, लावून, आणि शिरायचे ते जोडीनेच. आता आत दोघे गेले, आणि त्यातला एक पडला तर? त्याला काढायला बाहेर दुसरी जोडी सेट लावून उभी हवी. इथेच सहा जण झाले. शिडी लावणे, वीज तोडायला लावणे, दुसऱ्या टँकरची होज जोडणे, गर्दी मागे सारणे ही कामे अजून बाकीच आहेत.

अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने 2010 मध्ये या गोष्टीचे मोजमाप प्रसिद्ध केले. एकाच प्रकारच्या घराच्या आगीवर गाडीमागे दोन, तीन, चार आणि पाच माणसे पाठवून त्यांनी 22 कामांना लागणारा वेळ टिपला. गाडीवर चौघे असतील तर तिघांच्या मानाने सुमारे 25 टक्के आणि दोघांच्या मानाने सुमारे 30 टक्के वेळ वाचला. आगीत एवढा वेळ म्हणजे कित्येकदा एक खोली जळणे आणि अख्खा मजला जळणे यांतला फरक.

आपल्याकडच्या स्थायी अग्निशमन सल्लागार समितीचा निकष असा, की शहरात पाच ते सात मिनिटांत आणि ग्रामीण भागात वीस मिनिटांत गाडी पोहोचावी. गाडी वेळेत पोहोचली, पण तिच्यावर चालक धरून तिघेच असले, तर तांडेलापुढे दोनच वाटा उरतात. दुसऱ्या केंद्राची गाडी येईपर्यंत बाहेरून पाण्याचा मारा करत थांबायचे, किंवा नियम मोडून स्वतः आत शिरायचे. आमची मुले थांबत नाहीत. ती आत शिरतात. लोक त्याला शौर्य म्हणतात, आणि ते शौर्य आहेच. पण ते दाखवण्याची पाळी रिकाम्या पदांनी आणलेली असते, हेही तितकेच खरे.

मग पदे रिकामी का राहतात? घटनेच्या बाराव्या अनुसूचीने अग्निशमन सेवा नगरपालिकांच्या कामांत धरली आहे. त्यामुळे जबाबदारी तुमच्या महापालिकेची किंवा नगरपरिषदेची. पण माणूस घेण्याचा अधिकार पूर्णपणे तिच्या हातात नाही. आधी आकृतिबंध तयार होतो, म्हणजे कोणत्या दर्जाची किती पदे हवीत याचा तक्ता. तो नगरविकास विभागाकडे मंजुरीला जातो. त्याबरोबर सेवाप्रवेश नियम मंजूर व्हावे लागतात. मग बिंदुनामावली, म्हणजे कोणते पद कोणत्या आरक्षणात जाते याची यादी, तपासून घ्यायची, मग जाहिरात, ऑनलाइन परीक्षा, मैदानी चाचणी, कागदपत्रांची पडताळणी, वैद्यकीय तपासणी. मध्येच आचारसंहिता लागते किंवा कोणी न्यायालयात जाते. जाहिरातीच्या वेळी पंचविशीत असलेला मुलगा रुजू होईपर्यंत दोन पोरांचा बाप झालेला असतो. तोवर केंद्रातले जुने तांडेल निवृत्त होत राहतात. एके काळी एकाच भरतीत आलेली तुकडी निवृत्तही जवळपास एकदमच होते, आणि त्या वर्षी पाळ्या लावताना केंद्र अधिकाऱ्याची रात्रीची झोप उडते.

यात आणखी एक अडथळा आहे. महापालिकेचा आस्थापना खर्च, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या पगार-भत्त्यांवरचा खर्च, 35 टक्क्यांच्या मर्यादेबाहेर गेला की नवी भरती अडते. तिजोरी सांभाळायला असा नियम हवाच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण या नियमाला कार्यालयातली लिपिकाची खुर्ची आणि बंबावरची जागा सारखीच दिसते. काही महापालिकांना सरकारने आरोग्य आणि अग्निशमनाच्या पदांसाठी यातून सूट दिली. ती मागावी लागू नये, नियमातच लिहिलेली असावी, असे माझे स्पष्ट मत आहे. पुण्याच्या हद्दीत 2017 मध्ये 11 गावे आली, 2021 मध्ये आणखी 23 आली. हद्द एका अधिसूचनेने वाढते. त्या हद्दीतल्या केंद्रावरचा माणूस वर सांगितलेल्या सगळ्या पायऱ्या चढून यायचा असतो.

मधल्या काळात कंत्राटी जवान घेतले जातात. त्यांच्या हिमतीबद्दल मी एक शब्दही उणा बोलणार नाही. कायम जवानाच्या खांद्याला खांदा लावून ते आगीत उतरतात. पण काही महिन्यांच्या करारावर आलेला मुलगा शहराच्या गल्ल्या, बंबात पाणी भरायच्या हायड्रंटच्या जागा, जुन्या वाड्यांचे मागचे जिने शिकतो आणि करार संपतो. पुढच्या वर्षी दुसरा मुलगा येतो आणि त्याच गल्ल्या पुन्हा शिकतो. भाजला, पडला, तर घरच्यांना काय मिळणार हे करारातल्या बारीक अक्षरांवर ठरते. ज्या नोकरीत मरण संभवते, तिथे माणूस कंत्राटावर नेमू नये.

निवडीबद्दलही बोलले पाहिजे. जानेवारी-फेब्रुवारी 2023 मध्ये मुंबई अग्निशमन दलाच्या 910 जागांसाठी दहिसरच्या मैदानावर भरती झाली. राज्यभरातून मुले-मुली आल्या. मुलींच्या भरतीच्या दिवशी उंचीच्या मोजमापावरून आणि मैदानात सोडण्याच्या वेळेवरून मोठा गदारोळ झाला. बरोबर कोण होते, याचा निवाडा मी इथे करणार नाही. पण रात्रीची एस.टी. पकडून आलेल्या मुलीला अर्ध्या सेंटिमीटरवरून परत पाठवायचे असेल, तर मोजमाप कॅमेऱ्यासमोर व्हावे, त्याची सही-शिक्क्याची पावती तिच्या हातात पडावी आणि त्याच दिवशी फेरमोजणी मागण्याची सोय असावी. याला फारसा खर्च येत नाही.

आणि मुलींना हे काम झेपेल का, असे अजूनही विचारणाऱ्यांना सांगतो. हर्षिनी कान्हेकर 2002 मध्ये नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयात दाखल झाल्या, तेव्हा त्या तिथल्या पहिल्या विद्यार्थिनी होत्या. कवायत, शिडी, होज, सगळे मुलांबरोबरीने करून त्या बाहेर पडल्या. त्याला आता वीस वर्षांहून अधिक काळ झाला. आज प्रश्न झेपण्याचा उरलेला नाही. केंद्रात मुलींसाठी वेगळी विश्रांतीची खोली आणि स्वच्छतागृह आहे का, त्यांच्या मापाचा अग्निरोधक पोशाख आणि बूट मागवले जातात का, हे विचारा.

आता देखरेखीकडे येतो. 9 मे 2015 रोजी मुंबईत काळबादेवीच्या गोकुळ निवास या जुन्या इमारतीला आग लागली. इमारत कोसळली. संजय राणे आणि महेंद्र देसाई हे दोन अधिकारी तिथेच गेले. उपप्रमुख सुधीर अमीन आणि दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर काही दिवसांच्या अंतराने रुग्णालयात मरण पावले. देशातल्या सर्वांत जुन्या दलांपैकी एकाचे वरचे नेतृत्व एका आगीने नेले. चार अधिकाऱ्यांचा अनुभव किती वर्षांचा असेल, याचा विचार केला की आजही मला गलबलून येते.

अशा घटनेनंतर आपल्याकडे चौकशी होते, अहवालही होतो. पण तो राज्यातल्या प्रत्येक केंद्रात पोहोचेल, पाळीवरच्या जवानांना वाचून दाखवला जाईल, अशी सक्ती नाही. अमेरिकेत 1998 पासून कर्तव्यावर मरण पावलेल्या जवानांच्या मृत्यूंची एक केंद्रीय संस्था स्वतंत्र चौकशी करते आणि अहवाल सर्वांसाठी खुला ठेवते. इंग्लंडमध्ये 2017 पासून अग्निशमन दलांची तपासणी पोलिसांची तपासणी करणाऱ्या स्वतंत्र निरीक्षक मंडळाकडे आहे. कोणते दल कुठे कमी पडते हे नागरिक वाचू शकतात. आपल्याकडे राज्यात अग्निशमन सेवा संचालनालय आहे, कलिन्याला अग्निशमन अकादमी आहे. महापालिकेच्या दलाला मात्र पगार, पद, बढती आणि शिस्त या सगळ्यांसाठी आयुक्तांकडेच पाहावे लागते. दलाचा प्रमुखच कित्येकदा प्रभारी असतो. मनुष्यबळ कमी आहे असे ठासून लिहिणे प्रभारी माणसाला किती जड जात असेल, हे तुम्हीच ताडा.

दल स्वतः इतरांवर देखरेख ठेवते, तिथेही गाडी माणसांपाशीच अडते. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 प्रमाणे इमारतीतली यंत्रणा चालू ठेवण्याची जबाबदारी मालकाची किंवा भोगवटादाराची आहे. ती चालू असल्याचा फॉर्म बी परवानाधारक एजन्सीकडून घेऊन दरवर्षी जानेवारीत आणि जुलैत द्यायचा असतो. कायदा चांगला आहे. पण आलेले फॉर्म खरे आहेत का, हे जागेवर जाऊन पाहणार कोण? बहुतेक ठिकाणी वर्दीवर जाणारा अधिकारीच तपासणी करतो, नोटीस काढतो, ना-हरकत दाखल्याची फाइलही तपासतो.

9 जानेवारी 2021 च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली आणि 10 बाळे गेली. त्यानंतर राज्यभर रुग्णालयांच्या अग्निसुरक्षा तपासणीचे आदेश निघाले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये विरारच्या रुग्णालयातल्या आगीत 15 रुग्ण दगावले आणि नोव्हेंबरमध्ये नगरच्या जिल्हा रुग्णालयात 11. तपासणीचा आदेश एका दिवसात निघतो. ती करायला आणि त्यातल्या त्रुटी दूर होईपर्यंत पाठपुरावा करायला वेगळी, प्रशिक्षित, पूर्णवेळ माणसे लागतात. तपासणीची शाखा आणि वर्दीची शाखा वेगळ्या हव्यात, आणि दोन्हींची पदे आकृतिबंधात वेगवेगळी दिसली पाहिजेत.

केंद्र सरकारने 2023 मध्ये राज्यांच्या अग्निशमन सेवांच्या विस्तारासाठी आणि आधुनिकीकरणासाठी 5,000 कोटींची योजना आणली. त्यातून वाहने येतील, साहित्य येईल, केंद्रे उभी राहतील. पगार मात्र आपल्या महापालिकेच्याच अंदाजपत्रकातून जायचे आहेत. मुंबई-पुण्यासह अनेक महापालिकांचा कारभार 2022 पासून प्रशासकांकडे गेला आणि काही वर्षे तसाच राहिला. त्या काळात स्थायी समितीत उभे राहून अग्निशमनाची किती पदे भरली, असे विचारणारा निवडून आलेला माणूसच नव्हता.

म्हणून श्रोतेहो, हे तुम्ही विचारा. माहितीच्या अधिकाराचा एक साधा अर्ज करा. आपल्या घराला लागू असलेल्या केंद्राचे नाव, तिथली मंजूर पदे, भरलेली पदे, त्यांतले कंत्राटी किती, रात्रपाळीला एका बंबावर प्रत्यक्ष किती जण असतात, चालू स्थितीतले बी.ए. सेट किती, आणि मागच्या वर्षी किती इमारतींची जागेवर तपासणी झाली, एवढेच विचारा. दरवर्षी 14 ते 20 एप्रिल अग्निशमन सेवा सप्ताह असतो. त्या आठवड्यात मुलांना घेऊन केंद्रात गेलात तर यातले निम्मे तिथला तांडेल तोंडीच सांगेल. उत्तराचा कागद हाती आला, की अंदाजपत्रकाच्या सभेआधी तो आपल्या नगरसेवकाला नेऊन द्या आणि मंजूर व भरलेल्या पदांमधला फरक सभागृहात वाचून दाखवायला सांगा. तो इतिवृत्तात नोंदवला जाईल, आणि पुढच्या वर्षी तोच प्रश्न पुन्हा विचारताना तुमच्या हातात मागचा आकडा असेल.

नमस्कार.