डोक्यावरचे दोन हजार किलोमीटर

२ एप्रिल २०२२. गुढीपाडव्याची संध्याकाळ. नागपूरच्या आभाळातून जळते गोळे एकामागोमाग सरकत गेले. लोक गच्चीवरून मोबाईलमध्ये टिपत राहिले. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाहीजवळच्या लाडबोरी गावात सुमारे दहा फूट रुंदीची धातूची रिंग येऊन पडली.

अभ्यासकांनी नोंदी जुळवल्या. चीनच्या लाँग मार्च ३बी रॉकेटचा हा टप्पा, फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेला. मग वर्षभरानं तो खाली कसा आला?

हवेनं ओढला. त्याची कक्षा लांबट होती. एक टोक पृथ्वीच्या अगदी जवळ, दुसरं हजारो किलोमीटर लांब. दर फेरीत जवळच्या टोकाशी विरळ हवा वेग खायची आणि लांबचं टोक थोडं आत यायचं.

म्हणजे तो निम्न कक्षेत, लो अर्थ ऑर्बिटमध्ये होता का? सुरुवातीला नव्हता. जमिनीपासून २,००० किलोमीटरपर्यंतचा पट्टा तो निम्न कक्षेचा, पण नुसतं एक टोक आत असून भागत नाही. दिवसाला सव्वाअकरा फेऱ्यांहून अधिक, म्हणजे एका फेरीला १२८ मिनिटं किंवा कमी, आणि कक्षा फार लांबट नको, असा हिशेब लावतात.

वरची हद्द माणसानं ठरवली. खालची मात्र हवा ठरवते. १६० किलोमीटरच्या खाली उपग्रह फार काळ तग धरत नाही. ४०० किलोमीटरवरचं आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकसुद्धा हळूहळू खाली सरकतं. इंजिन चालवून त्याला पुन्हा वर न्यावं लागतं. नागपूर ते मुंबई हे अंतर ते साधारण दीड मिनिटात कापतं.

याच पट्ट्यात, ८१७ किलोमीटरवरून, आपला रिसोर्ससॅट पिकं आणि जंगलं टिपतो. अशाच उपग्रहांच्या चित्रांवर नागपुरातलं महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र काम करतं. शेतकऱ्याच्या उपयोगाचा हा पट्टा, म्हणूनच तो स्वच्छ राहायला हवा.

कारण इतक्या उंचीवर हवा जवळजवळ नाहीच. तिथला बंद उपग्रह आपोआप खाली यायला शंभर वर्षंही लागू शकतात. इस्रोचा मेघा-ट्रॉपिक्स असाच, सुमारे ८६७ किलोमीटरवर होता. टाकीत इंधन उरलं होतं. शास्त्रज्ञांनी ते वापरून त्याला टप्प्याटप्प्यानं खाली आणलं आणि ७ मार्च २०२३ रोजी पॅसिफिक महासागरावर, वस्तीपासून दूर, जाळून संपवलं.