‘स्टॉप’च्या पाटीपासून एचबीओपर्यंत

(दृश्य: शांत वस्तीतला रस्ता, चालत्या गाडीतून)

गाडीत एकटी तरुणी, गाण्याबरोबर जोरजोरात रॅप करतेय. ‘स्टॉप’ची पाटी येते, ती थांबते, आणि नेमकी शेजारी ऑफिसमधल्या एकाची गाडी येऊन उभी राहते. त्याला टाळायचं होतं, पण आता ओशाळं हसू, हात हलवणं. गाडी पुढे. पुढच्या चौकात पुन्हा पाटी, पुन्हा तोच. हात तर आत्ताच हलवून झाला. आता करायचं काय?

हा ‘द मिसअ‍ॅडव्हेंचर्स ऑफ ऑकवर्ड ब्लॅक गर्ल’ या वेब सिरीजचा पहिला भाग. ३ फेब्रुवारी २०११ रोजी तो यूट्यूबवर आला. लिहिणारी आणि ‘जे’ (J) नावाची नायिका साकारणारी एकच, लॉस एंजेलिसची इसा रे. वय २६. स्टॅनफर्डला शिकत असतानाच ‘डॉर्म डायरीज’ या वेब सिरीजवर तिचा हात बसला होता.

या प्रसंगाला लागतं काय? दोन गाड्या आणि एक रस्ता. चालत्या गाडीत स्वच्छ आवाज मिळणं महाकठीण, इंजिन आणि वारा शब्द खाऊन टाकतात. इथे मात्र ‘जे’ मनातल्या मनात बोलते आणि ते बोलणं शूटिंगनंतर शांत खोलीत रेकॉर्ड करता येतं. पैसे वाचतात हे खरं, पण लेखनाची खरी कमाल पुढे आहे. चारचौघांत ‘जे’ला धड वाक्य सुचत नाही आणि आत शब्दांचा पूर चालू असतो. सगळा विनोद त्या दोहोंमधल्या अंतरात आहे.

वेब सिरीज सहसा मधेच अडते. पहिले काही भाग मित्रमंडळी हौसेने करतात, मग कॅमेऱ्याचं भाडं, जेवणखर्च, एडिटिंग अंगावर येतं आणि दोन भागांमधलं अंतर वाढत जातं. इसाने पहिला सीझन चालू असतानाच किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या वेबसाइटवर प्रेक्षकांकडे ३०,००० डॉलर मागितले. १,९६० जणांनी मिळून ५६,२६९ दिले, म्हणजे माणशी सरासरी २९ डॉलरसुद्धा नाहीत. पैशांइतकाच मोलाचा होता तो आकडा: अशा बुजऱ्या, कृष्णवर्णीय नायिकेला प्रेक्षक नाही, असं आता कुणाला म्हणता येणार नव्हतं. दुसरा सीझन गायक-निर्माता फॅरेल विल्यम्सच्या यूट्यूब चॅनलवर गेला. ‘जे’ची मैत्रीण सीसी झालेली सुजाता डे ही भारतीय वंशाची अभिनेत्री दोन्ही सीझनमध्ये आहे, तीही नक्की पाहावी अशी.

टीव्हीचं दार पहिल्या धडकेत उघडलं नाही. २०१२ मध्ये इसाने टीव्ही मालिकांच्या निर्मात्या शोंडा ऱ्हाइम्सच्या कंपनीबरोबर एबीसी या अमेरिकन वाहिनीसाठी ‘आय हेट एल.ए. ड्यूड्स’ लिहायला घेतलं. प्रत्येकाच्या सूचना ऐकता ऐकता तिचा स्वतःचा सूर हरवला आणि मालिका उभी राहिलीच नाही.

पुढच्याच वर्षी एचबीओकडे काम सुरू झालं. या वेळी सोबतीला विनोदी लेखक लॅरी विल्मोर होते. संहितेआधी त्यांनी तिला तासन्‌तास बोलतं केलं: घर, नोकरी, मैत्रिणी. त्यातून ‘इनसिक्युअर’ ही मालिका आकाराला आली. ती पडद्यावर यायला ९ ऑक्टोबर २०१६ उजाडलं. शोरनर, म्हणजे मालिकेची धुरा सांभाळणारा, प्रेंटिस पेनी; पायलटची, म्हणजे पहिल्या भागाची, दिग्दर्शिका मेलिना मात्सूकस.

(दृश्य: बाथरूमचा आरसा, समोर लिपस्टिक)

काही मिनिटांच्या भागात निवेदन खपून जातं. अर्ध्या तासात तेच सतत ऐकू आलं तर अभिनयाला जागा उरत नाही. म्हणून मनातलं बोलणं आरशासमोर आलं. पायलटमध्ये नायिका (तिचंही नाव इसाच) एकेक लिपस्टिक लावून पाहते आणि प्रत्येक रंगासरशी आवाज, ऐट, नजर बदलते. यूट्यूबवर जे नुसतं कानांवर पडायचं, ते आता डोळ्यांना दिसू लागलं.

दिसण्यावरही तेवढीच मेहनत आहे. सावळ्या-काळ्या त्वचेवर नुसता जास्त प्रकाश टाकला की मागची भिंत पांढरीफटक पडते आणि चेहरा तसाच राहतो. दुसऱ्या सीझनपासून आलेल्या छायालेखिका एव्हा बर्कोफ्स्कींनी वेगळी वाट धरली. पांढऱ्या बोर्डावरून किंवा कापडावरून परतवलेला मऊ प्रकाश, त्वचेला मॉइश्चरायझरची चमक, आणि ती चमक हवी तेवढीच ठेवायला लेन्सवर पोलरायझर, म्हणजे चकाकी कमी-जास्त करणारा फिल्टर. पाच सीझन, ४४ भाग, आणि त्यातल्या रात्रीच्या प्रसंगांत काळोख काळोखच राहतो. इसा आणि तिची जिवलग मैत्रीण मॉली बोलत असतात, गालाच्या कडेवर उजेडाची एक रेघ असते आणि ओठांची बारीकशी थरथरसुद्धा दिसते.