टायटर किती आहे?

डायलिसिस सेंटरबाहेरच्या बाकावर बसलेले नातेवाईक मला हमखास विचारतात, "डॉक्टर, यांची इम्युनिटी वाढवायला काहीतरी द्या ना." त्यांचं खरंच आहे. मूत्रपिंडं निकामी झाली की रक्तात साठणाऱ्या विषारी द्रव्यांनी संरक्षक पेशीही मंदावतात. त्यात आठवड्यातून दोन-तीनदा रक्त शरीराबाहेर फिरून येतं, आणि हिपॅटायटिस बी या काविळीचा विषाणू वाळलेल्या रक्तात आठवडाभर तग धरतो. १९६९-७० साली एडिंबराच्या डायलिसिस युनिटात ही कावीळ पसरली, तेव्हा रुग्णांबरोबर कर्मचारीही दगावले. ऑस्ट्रेलिया अँटिजेन (रक्तातली हिपॅटायटिस बीची खूण) पॉझिटिव्ह असलेल्या रुग्णाला वेगळं मशीन देतात, ते याचसाठी.

मग इम्युनिटी वाढवायची कशानं? थायमोसिन अल्फा-१, लेव्हॅमिसोल अशी औषधं हिपॅटायटिस बीच्या लशीबरोबर देऊन पाहिली गेली. अभ्यास लहान होते, काहींत फायदाही दिसला. पण नेहमीच्या उपचारांत ती आली नाहीत. लेव्हॅमिसोलनं तर कधीकधी पांढऱ्या पेशीच धोकादायक इतक्या घटतात. काढ्यांचं काय, असं आता कोणीतरी विचारणारच. कोविडच्या काळात गुळवेल घेणाऱ्या काहींच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदवलं आहे. आणि 'क जीवनसत्त्व भरपूर' म्हणून कमरख, म्हणजे स्टारफ्रूट, कोणी आणून दिलं तर ते घरात ठेवूही नका. डायलिसिसच्या रुग्णाला त्यातून उचकी, झटके, बेशुद्धी येते, मृत्यूही झालेले आहेत.

खरी ताकद लशीत आहे, पण ती नीट दिली तर. निरोगी माणसाला हिपॅटायटिस बीचे २० मायक्रोग्रॅमचे तीन डोस पुरतात. डायलिसिसवर नेहमीची लस ४० मायक्रोग्रॅम, म्हणजे दुप्पट, आणि चार वेळा: आज, एक महिन्यानं, दोन महिन्यांनी, सहा महिन्यांनी. सुई दंडात, कमरेत घेतलेली लस कमी लागू पडते. फिस्टुलाचा, म्हणजे डायलिसिससाठी रक्तवाहिन्या जोडलेला, हात मात्र सोडून.

इतकं करूनही अनेकांच्या शरीरात पुरेशी प्रतिद्रव्यं तयार होत नाहीत. फाईलमध्ये 'लस पूर्ण' असा शिक्का असतो आणि पुढं कोणी बघत नाही. माझं भांडण या शिक्क्याशी आहे. शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी टायटर, म्हणजे रक्तातल्या या प्रतिद्रव्यांची पातळी, तपासा. १०च्या खाली आला तर पुन्हा सगळे डोस. वर आला तरी दरवर्षी तपासणी, कारण तो उतरतो. उतरला की बूस्टर.

ज्यांचं क्रिएटिनिन (मूत्रपिंडं मंदावली की रक्तात साठणारं द्रव्य) वाढतंय पण डायलिसिस अजून लांब आहे, त्यांनी तर आजच सुरुवात करावी. मूत्रपिंडं थोडीफार चालू असताना लस जास्त चांगली लागते.

फ्लूची लस दरवर्षी घ्या, घरच्यांनीही. हिपॅटायटिस सीला लस नाही. तिथं भिस्त हातमोजे, निर्जंतुकीकरण आणि ठरावीक तपासण्यांवर. झालाच, तर सोफोसबुव्हिर-वेल्पाटास्व्हिरच्या गोळ्या बारा आठवडे घेऊन बहुतेक जण बरे होतात, डायलिसिस चालू असतानाही.